हजार फुटांची गच्ची, लाख लिटर पाणी आणि पाच हजारांचा हिशेब

मे महिना संपत आला की नाशिकच्या सोसायट्यांच्या आणि कॉलन्यांच्या ग्रुपवर एक संदेश फिरू लागतो. मजकूर थोडक्यात असा: ‘हजार चौरस फुटांच्या गच्चीवर दर वर्षी एक लाख लिटर पाणी पडतं. फक्त पाच हजार खर्च करा, पाइप आणि ड्रमचा फिल्टर बसवून घ्या, वर्षभराचं पाणी फुकट. पावसाचं पाणी सर्वांत शुद्ध, थेट बोअरमध्ये सोडा. टँकर बंद, पाणीपट्टी नावाला. पहिल्याच वर्षी पैसे वसूल. एकदा बसवलं की बघायला नको.’ खाली जोडलेले हात आणि ‘जास्तीत जास्त ग्रुपवर पाठवा’.

गच्चीवरचं पाणी वाया जाऊ देऊ नये, याबद्दल माझं काहीच भांडण नाही. भांडण आहे ते आकड्यांशी. या संदेशाच्या भरवशावर काम केलेली मंडळी दोन वर्षांनी पाइप कापून टाकतात आणि ‘आम्ही केलं होतं, काही उपयोग होत नाही’ असं चारचौघांत सांगतात. मग शेजारचा खरंच करणार असतो, तोही थांबतो.

‘एक लाख लिटर’

आकडा खोटा नाही, फक्त तो नाशिकचा नाही. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. हजार चौरस फूट म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटर. स्लॅब भिजण्यात, वाफेत, कठड्यावरून उडण्यात काही जातंच. हाती ८५ टक्के लागलं तर चांगलं. या हिशेबाने लाख लिटरसाठी साडेबाराशे मिलिमीटरहून जास्त पाऊस हवा. इगतपुरीला किंवा त्र्यंबकला तो हसत हसत पडतो. पण घाटमाथ्यावरून पूर्वेला उतरलं की पाऊस झपाट्याने आटतो. त्र्यंबक नाशिकपासून जेमतेम तीस किलोमीटर, तरी दोन्हीकडचा पाऊस वेगळा. शहरात साधारण ७०० मिलिमीटर धरून चालावं, म्हणजे हजार फुटांवरून ५५ हजार लिटर. सिन्नर-येवल्याकडे त्याहूनही कमी. २०२३ साली शासनाने राज्यातले जे ४० तालुके दुष्काळी जाहीर केले, त्यांत मालेगावबरोबर सिन्नर आणि येवलाही होते.

अंदाजपत्रक करताना तर मी ७०० सुद्धा धरत नाही. ५०० धरतो, म्हणजे ४० हजार लिटर. चांगल्या वर्षी टाकी वाहील, वाहू दे. वाईट वर्षी निदान फसवणूक झाली असं वाटणार नाही.

‘वर्षभराचं पाणी’

सगळी मेख इथे आहे. गच्चीवर किती पडतं हे विचारून काही होत नाही. पडलेलं ठेवणार कुठे आणि वापरणार कोणत्या महिन्यात, ते आधी ठरवावं लागतं. आपल्याकडे पाऊस जून ते सप्टेंबर. गरज लागते मार्च ते मे. मधले महिने ते पाणी कुठेतरी बसून राहायला हवं.

शहरी पाणीपुरवठ्यात माणशी रोज १३५ लिटर असं मानक वापरतात. चौघांच्या घराला रोज ५४० लिटर झाले. ऑक्टोबर ते मे हे आठ महिने भागवायचे तर एक लाख तीस हजार लिटरची साठवण लागेल. मुळात एवढं पाणी गच्चीवर पडतच नाही. पडलं असतं तरी ते ठेवायला दहा फूट खोल आणि साडेचारशे चौरस फूट क्षेत्रफळाचं टाकं लागतं, म्हणजे जमिनीखाली एक वन बीएचके बांधायचा. प्लास्टिकच्या टाक्या घ्यायच्या तर लिटरमागे सात रुपये धरूनही नऊ लाख होतात.

याच्या उलट पाच हजार लिटरची एक टाकी घ्या. हजार फुटांच्या गच्चीवर ६०-६५ मिलिमीटर पाऊस झाला की ती काठोकाठ भरते. चौघांचं घर ती नऊ दिवसांत संपवतं. पुढची झड आली की पुन्हा भरते. पावसाळ्यात अशी ती सहा-सात वेळा भरली आणि रिकामी झाली तर तीस-पस्तीस हजार लिटर पाणी वापरलं गेलं, तेही पाच हजार लिटरच्या टाकीतून. म्हणून पावसाळ्यात टाकी जपून ठेवण्यात शहाणपण नाही. ती सतत रिकामी करत राहायची: धुणं, फरशी, संडास, अंघोळ सगळं तिच्यावर. आणि हस्ताचा पाऊस आला की मात्र शेवटची भरून झाकण लावायचं. ते पाच हजार लिटर मेपर्यंत रोज वीस लिटर पुरतात. वीस लिटरमध्ये चौघांचं पिणं आणि स्वयंपाक होतो. ‘वर्षभराचं पाणी’ हा दावा एवढ्याच अर्थाने खरा करता येतो, आणि माझ्या मते तो अर्थ काही लहान नाही.

अपार्टमेंटवाल्यांनी मात्र हा हिशेब स्वतःला लावू नये. चार हजार फुटांची गच्ची आणि खाली चोवीस फ्लॅट असतील तर एका फ्लॅटच्या वाट्याला वर्षाला जेमतेम नऊ हजार लिटर येतात, म्हणजे सतरा दिवसांचं पाणी. तिथे साठवणीचा मोह सोडून पाणी जमिनीत मुरवायचं बघावं. नव्या बांधकामात ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडाला राज्याच्या २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीने पावसाचं पाणी साठवायची किंवा मुरवायची व्यवस्था सक्तीची केलीच आहे. आपल्या सोसायटीच्या नकाशात दाखवलेला खड्डा जागेवर आहे का, आणि गच्चीचा पाइप खरंच त्यात जातो का, एवढं एकदा खाली जाऊन बघा. पुष्कळ ठिकाणी त्यावर पार्किंगचे पेव्हर ब्लॉक सापडतात.

‘फक्त पाच हजार’

पाच हजारांत पाइपही पुरे होत नाहीत. दुमजली बंगला, हजार फुटांची गच्ची, असं धरून ढोबळ खर्च सांगतो; बाजारात भाव खाली-वर होतात. ११० मिलिमीटरचे पाइप, बेंड, क्लॅम्प आणि प्लंबरची मजुरी मिळून बारा ते अठरा हजार. पहिल्या पावसाचं घाण पाणी वेगळं काढायचा ड्रम आणि व्हॉल्व्ह, दोन-तीन हजार. फिल्टर, तयार घ्या नाहीतर विटांचं चेंबर बांधा, आठ ते पंधरा हजार. पाच हजार लिटरची टाकी आणि तिच्याखालचा ओटा, चाळीस ते पंचावन्न हजार. पाणी जमिनीत मुरवणारा शोषखड्डाही करायचा तर खणाई, बांधकाम आणि दगड-वाळू धरून पंचवीस ते चाळीस हजार. सगळं केलं तर ८७ हजारांपासून एक लाख तीस हजारांपर्यंत. टाकी वगळून फक्त मुरवायचं ठरवलं तर पन्नास ते पंचाहत्तर हजारांत होतं. घर बांधतानाच गच्चीचे उतार आणि पाइप एका कोपऱ्यात आणले असतील तर पाइपांचा खर्च बराच वाचतो. घर बांधायला काढलेल्यांनी हे वाक्य आर्किटेक्टला दाखवावं.

संदेशातल्या ‘ड्रमच्या फिल्टर’बद्दल थोडं. तासाला ५० मिलिमीटरची सर आली तर हजार फुटांवरून मिनिटाला सत्तर-पंचाहत्तर लिटर पाणी खाली येतं. वाळू भरलेल्या ड्रममधून एवढं पाणी उतरत नाही, ते वरून वाहतं. गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीला पुराचं पाणी लागतं त्या दिवसांत तर ड्रम तिथे असून नसल्यासारखा. तरी पाण्याचा लोंढा बघून घरमालक खूश, कारण टाकीत काहीतरी पडतंय.

पहिल्या पावसाच्या पाइपचंही तसंच. निदान पहिलं एक मिलिमीटर सोडून द्यायचं म्हटलं तरी हजार फुटांवर ते ९३ लिटर होतं. दुकानात मिळणाऱ्या तीन फुटी पाइपच्या तुकड्यात आठ लिटर मावतात. त्यामुळे शंभर-दोनशे लिटरचा ड्रम हवा, नाहीतर सरळ एक हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह ठेवा आणि पहिली सर गटारात जाऊ द्या.

‘सर्वांत शुद्ध, थेट बोअरमध्ये’

अख्ख्या संदेशातली खरोखर धोक्याची ओळ ही. ढगातून सुटताना पाणी शुद्ध असेलही. पण गच्चीवर कबुतरं आहेत, आठ महिन्यांची धूळ आहे, कुणाच्या वॉटरप्रूफिंगचं रसायन आहे, कुठे सिमेंटचे जुने पत्रे आहेत. हल्ली लोक टीडीएस मीटर बुडवतात, आकडा वीस-तीस येतो आणि लगेच फोटो ग्रुपवर. टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार. कबुतराच्या विष्ठेतले जंतू त्या मीटरला दिसत नाहीत. पिण्यासाठी वापरायचं असेल तर जंतूंची तपासणी करून घ्या आणि उकळल्याशिवाय पिऊ नका, आकडा कितीही सुंदर असो.

बोअरचं तर आणखी गंभीर आहे. नाशिक बसलंय ते दख्खनच्या काळ्या पाषाणावर. या खडकाला वाळूसारखी अंगभर छिद्रं नसतात. पाणी असतं ते वरच्या कुजलेल्या थरात, मुरमात आणि खडकाच्या भेगांत. वाळूच्या थरातून पाणी गाळत गाळत जातं. भेगेतून ते जसंच्या तसं पुढे जातं. म्हणजे गच्चीवरची घाण थेट बोअरमध्ये सोडली तर ती तुमच्याच नव्हे, शेजाऱ्याच्याही बोअरमध्ये पोहोचू शकते, आणि तुमच्या बोअरच्या भेगा गाळाने बुजल्या तर आहे तेही पाणी कमी होतं. अंगणातलं, रस्त्यावरचं पाणी तर चुकूनही त्यात नको. बोअरभोवती खड्डा घेऊन, केसिंगला, म्हणजे बोअरमधल्या पाइपला, भोकं पाडून जाळी गुंडाळून, खाली मोठे दगड, वर खडी, सर्वांत वर वाळू, असा गाळून पाणी सोडायचा प्रकार चालतो. तोही आधी बोअर पाणी घेतो का हे बघून. त्यासाठी टँकरभर स्वच्छ पाणी बोअरमध्ये सोडा आणि पातळी किती वेळात खाली उतरते ते दोरी सोडून मोजा. पाणी तासन्‌तास वरच राहिलं तर त्या बोअरवर पैसे घालू नका.

शोषखड्ड्याचीही परीक्षा घेता येते, आणि ती जवळजवळ फुकट आहे. जिथे खड्डा करायचा तिथे एक छोटा खड्डा खणा, पाण्याने भरा, ते जिरू द्या, पुन्हा भरा आणि दुसऱ्या वेळी किती लवकर उतरतं ते बघा. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते तेव्हा पहिली बादली गटागटा पिते; पण भिजली की फुगते आणि तोंड मिटते. म्हणून खड्डा काळ्या मातीतच थांबवला तर त्याचं डबकंच होणार. मुरूम लागेपर्यंत खाली जायलाच हवं. उलट गोदेच्या किंवा नासर्डीच्या जवळ राहत असाल, आणि ऑगस्टमध्ये आसपासच्या विहिरींचं पाणी हाताला लागत असेल, तर तिथे जमीन आधीच भरलेली असते. तुमचं पाणी ती कुठे घेणार?

‘टँकर बंद, पहिल्याच वर्षी वसूल’

पाणीपट्टीचा हिशेब दोन ओळींत संपतो. हजार लिटरला वीस रुपये असा चढा दर धरला तरी पस्तीस हजार लिटरचे वर्षाला सातशे रुपये वाचतील. टाकीचे पैसे नातवाच्या लग्नापर्यंत वसूल होतात.

टँकरचा मुद्दा जास्त फसवा आहे, कारण त्यात दमदार रक्कम दिसते. पण टँकर लागतो एप्रिल-मेमध्ये, आणि तेव्हा तुमच्या टाकीत पिण्यापुरतं पाणी उरलेलं असतं. पावसाळ्यात गंगापूर, दारणा, मुकणे ही धरणं भरत असतात, नळाला पाणी असतं, टँकरला तेव्हा कोण विचारतं? टँकर कमी व्हायचा तर तो मुरवलेल्या पाण्याने, आणि मुरवलेलं पाणी तुमच्या कंपाउंडला जुमानत नाही. तुम्ही मुरवाल आणि दोन गल्ल्या खालच्या बोअरला पाणी वाढेल, असंही होईल. गल्लीतल्या दहा घरांनी केलं तर सगळ्यांना मिळण्याची शक्यता बरीच वाढते. ज्यांच्याकडे महापालिकेचा नळ नाही, जे बाराही महिने बोअर आणि टँकरवर आहेत, अशा शहराबाहेरच्या नव्या वस्त्यांत हा खर्च मला पटतो. नळाला रोज पाणी येणाऱ्या घराने तो पैसे वाचवण्यासाठी करू नये; करायचा तर जमिनीतली पातळी टिकावी म्हणून, किंवा चार दिवस पुरवठा बंद राहिला तर घरात पाणी असावं म्हणून.

‘एकदा बसवलं की बघायला नको’

मृग लागायच्या आधी गच्ची झाडून-धुऊन घ्या, वाळू काढून धुवा, पाइपांची तोंडं तपासा. प्रत्येक मोठ्या उघडिपीनंतर पहिली सर सोडून द्यायला कुणीतरी व्हॉल्व्ह फिरवायला हवा. टाकी अपारदर्शक हवी, उजेड लागला की शेवाळ धरतं. प्रत्येक तोंडाला आणि ओव्हरफ्लोला बारीक जाळी हवी. डेंगूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच वाढतो, आणि पावसाळ्यात घरोघरी साठवण तपासायला येणारे महापालिकेचे कर्मचारी तुमची उघडी टाकी बघून कौतुक करणार नाहीत. या सगळ्याला वर्षाकाठी दीड-दोन हजार लागतात. सोसायटीत असाल तर ही रक्कम मासिक देखभालीच्या वर्गणीत आधीच मिळवून टाका आणि व्हॉल्व्हची जबाबदारी वॉचमनवर नाव घालून सोपवा. मेच्या सभेत वेगळी वर्गणी काढली, तर यंदा पाऊस बघून ठरवू असं म्हणणारे निम्म्याहून जास्त निघतात.