दृष्टी : ०६-जून

परवा कॉम्प्युटरच्या प्रॅक्टिकलचे मार्क लागले. वीसपैकी आठ कापले. शेरा लाल पेनाने: 'दृष्टीच्या रकान्यात जन्मतारखा लिहिल्या आहेत.' मी जन्मतारखा लिहिलेल्या नाहीत. हे मी घरात तीनदा आणि रिक्षात एकदा सांगून झालंय. रिक्षावाल्याला पटलं.

कोर्स दवाखान्याच्या काउंटरवर बसणाऱ्यांसाठीचा. पहिला तास मानवी जीवशास्त्र, दुसरा ऑफिसचं कॉम्प्युटर. प्रश्न साधा होता. नेत्रशिबिरातले दहा पेशंट, डावा डोळा, उजवा डोळा, एक्सेलमध्ये तक्ता भरा.

आता नजर मोजायचं हे ६/६ प्रकरण आम्हाला जीवशास्त्रात चांगलं शिकवलंय. वरची संख्या म्हणजे पेशंट भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्यापासून किती मीटरवर बसलाय ती. खालची म्हणजे तेच अक्षर निकोप डोळ्याला किती मीटरवरून वाचता येतं ती. सगळ्यात वरचं ढब्बू अक्षर ६० मीटरवरून दिसायला हवं. ते सहावरून कसंबसं दिसलं, तर ६/६०. सहाच मीटर का, तर तेवढ्या अंतरावरून येणारे किरण जवळजवळ समांतर असतात, डोळ्यातल्या भिंगाला फुगावं लागत नाही. खोली तीन मीटरचीच असेल तर समोर आरसा लावायचा. स्नेलेन नावाच्या डच डॉक्टराने १८६२ साली हा तक्ता केला, तेव्हा त्याच्यासमोर एक्सेल नव्हतं. नशीबवान माणूस.

मी पहिल्या घरात ६/६ टाइप केलं, एंटर मारलं. '०६-जून'.

खोडलं, परत टाइप केलं. ०६-जून. पुढच्याचं ६/९ होतं, त्याचं '०६-सप्टेंबर' झालं. माझ्या पुढच्या रांगेत तेच ६/९ '०९-जून' दिसत होतं, कारण त्या मशीनची तारखेची पद्धत अमेरिकन ठेवलेली. म्हणजे एकाच पेशंटची नजर दोन रांगांत तीन महिने मागेपुढे.

माझ्या शेजारी एसटीतून रिटायर झालेले एक काका बसतात. एका बोटाने टाइप करतात, प्रत्येक अक्षराआधी बोट हवेत धरून कीबोर्डवर घारीसारखी घिरटी घालतात. त्यांनी मान वळवून माझा स्क्रीन वाचला.

"ताई, एवढी सगळी माणसं शिवराज्याभिषेकाच्या दिवशीच कशी आली तपासायला?"

"काका, ती तारीख नाही. सहा बाय सहा आहे."

"सहा जून लिहिलंय की."

"मी नाही लिहिलं. मशीनने लिहिलं."

"मशीन मनाचं कशाला लिहील? पस्तीस वर्षं वेबिल भरलं मी. कागद तुम्ही द्याल तेच दाखवतो." मग ते खालच्या ओळीवर आले. तिथे ६/६० चं 'जून-६०' झालं होतं. काकांचा चेहरा उजळला. "हे बरोबर आहे बघा. साठ सालचा जन्म. पासष्ट वय झालं. मोतीबिंदू असणारच!"

याला काय उत्तर द्यायचं? तर्क बिनचूक होता.

मी घाबरून सगळा रकाना निवडला आणि फॉरमॅट 'टेक्स्ट' केला. हीच मोठी चूक. एक्सेल तारीख साठवतं ती १ जानेवारी १९०० ला १ धरून दिवस मोजत. (त्यात १९०० साली नसलेली २९ फेब्रुवारीसुद्धा मोजते ते, लोटस १-२-३ या जुन्या तक्त्यांच्या प्रोग्रामशी जुळावं म्हणून.) ६ जून २०२५ म्हणजे ४५८१४ वा दिवस. तारखेचं मागाहून टेक्स्ट केलं की आतला हा आकडा उघडा पडतो, मूळचं ६/६ काही परत येत नाही. सगळ्या रकान्यात पाच-पाच आकडे उभे राहिले.

"हा पिनकोड का?" काका म्हणाले. "एक आकडा कमी आहे."

कंट्रोल-झेड दाबून मी निदान जूनपर्यंत परत आले. तेवढ्यात वेळ संपली.

खरा उपाय दोन सेकंदांचा आहे. टाइप करण्याआधी रकाना निवडा, कंट्रोल-१, टेक्स्ट, ओके. किंवा आकड्याआधी एकेरी अवतरण चिन्ह द्या, ते घरात दिसत नाही. बारा आकडी आधार नंबरचं २.३४ई+११ होतं, त्यालाही हेच औषध. हे सहा महिन्यांत कोणी सांगितलं नाही. वर्डआर्टमध्ये 'स्वागतम्' वाकडं कसं करायचं, त्यावर मात्र दोन तास गेले. जीवशास्त्राचा वर्ग खालच्या मजल्यावर, कॉम्प्युटर लॅब वरच्या. मधे एकच जिना आहे, पण या दोन विषयांची त्यावर गाठ पडलेली नाही.

आणि हा त्रास माझ्या एकटीचा नाही. माणसाच्या जनुकांत एकाचं नाव होतं मार्च१, दुसऱ्याचं सेप्ट२. एक्सेल त्यांच्याही तारखा करायचं आणि त्या चुका तशाच शोधनिबंधांत छापून यायच्या. शेवटी जनुकांना नावं देणाऱ्या समितीने हात टेकले आणि २०२० साली नावंच बदलल्याचं जाहीर केलं: मार्चएफ१, सेप्टिन२. पुढे २०२३ मध्ये एक्सेलने ही खोड बंद करायचं बटण दिलं, तेही अक्षर-आकडा जोडून आलेल्या मजकुरापुरतं. माझ्या तिरक्या रेघेला त्यात जागा नाही. शास्त्रज्ञांनी जनुकांची नावं बदलली. मी काय पेशंटचे डोळे बदलू?

काकांना वीसपैकी वीस. त्यांनी प्रत्येक घरात '6 by 6', '6 by 60' असं लिहिलं होतं. एक्सेलने निमूटपणे ठेवून घेतलं. सरांनी शेजारी 'व्यवस्थित' असा शेरा दिलाय.

"ती तिरकी रेघ सापडेना हो," काका पेपर घडी करत म्हणाले, "म्हणून बाय लिहिलं. कुठे असते ती? दाखवा ना एकदा."

उजव्या शिफ्टच्या डावीकडे, प्रश्नचिन्हाच्या बटणावर.

"या कीबोर्डवर नसते काका," मी म्हटलं.