75 हजारवाल्या मेसेजबद्दल

मंडळी, आपल्या इंदूरच्या मराठी ग्रुप्सवर फिरतंय की "नोबेलवाल्यांनी सिद्ध केलंय, महिना 75 हजारानंतर पैशाने आनंद वाढत नाही, तेव्हा बचत-बिचत सोडा, उडवा". असं नाहीये हो. मूळ पेपर कानेमन आणि डीटन या अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या दोन संशोधकांचा, 2010 चा, त्यात 75,000 डॉलर आहेत, रुपये नाहीत, तेही वर्षाचे, अख्ख्या घराचे आणि अमेरिकेतले. शिवाय त्या आकड्यापुढे वाढायचा थांबत होता तो फक्त रोजचा मूड, आयुष्याबद्दलचं समाधान त्यापुढेही वाढतच होतं. मग 2023 मध्ये कानेमननीच किलिंग्सवर्थ आणि मेलर्स या संशोधकांसोबत परत तपासलं तर बहुतेकांचा आनंद कमाईबरोबर वाढतच जातो, जे थोडे लोक मुळातच फार दुःखी असतात त्यांचाच एका पातळीवर अडतो. आणि हे सगळं कमाईचं, बचत करू नका असं त्यात कुठेच नाही.

आमच्या मजल्यावरच्या काकू मेसेज वाचून एफडी मोडायला निघाल्या होत्या, मुदतीआधी मोडली की व्याज कापतात ते वेगळंच. सराफ्यात जिलबी खा, छप्पन दुकानला खायला जा, कोण नाही म्हणतंय, पण त्यात नोबेल कशाला! तो मेसेज प्लीज पुढे पाठवू नका, पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हे टाका.