नुसते आकडे पाठ करून कार्डियाक सर्जरीचा पेपर निघतो का? एका सिस्टरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

सिस्टर, तुमची कमेंट परवाच वाचली होती पण लगेच उत्तर दिलं नाही, कारण त्यातला एक मुद्दा मला पुन्हा नीट वाचून बघायचा होता. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून सांगते, मी सीएससीच्या, म्हणजे हार्टच्या ऑपरेशननंतरचे पेशंट सांभाळणाऱ्या नर्सेसच्या अमेरिकन सर्टिफिकेट परीक्षेच्या, तयारीवर पोस्ट टाकली होती की नुसते प्रश्नसंच सोडवत बसू नका, आधी हिमोडायनॅमिक्स, म्हणजे शरीरातलं रक्ताचं प्रेशर आणि प्रवाह, समजून घ्या. त्यावर सिस्टरांचं म्हणणं असं की बारा तास ड्यूटी करून थिअरी वाचायला वेळ कुणाकडे आहे, नॉर्मल व्हॅल्यूज पाठ केल्या आणि हजारभर प्रश्न सोडवले की पेपर निघतो, तुम्ही उगाच नवीन मुलींना घाबरवताय, आणि वर अरेस्टबद्दल (हार्ट बंद पडण्याबद्दल) जे लिहिलंय तेच चुकीचं आहे.

आधी अरेस्टचं बोलते. तुमचं बरोबर आहे, माझं चुकलं होतं. मी लिहिलं होतं की अरेस्ट आला की पहिल्यांदा छाती दाबायला घ्या, बाकी सगळं नंतर. हे इतर पेशंटसाठी ठीक आहे पण ज्याची छाती नुकतीच उघडून तारांनी बांधलीय त्याच्यासाठी नाही. व्हीएफ किंवा पल्सलेस व्हीटी (हार्ट नुसतं थरथरतंय किंवा अतिवेगानं धडधडतंय, पण पल्स नाही) असेल आणि डिफिब (शॉक द्यायचं मशीन) एका मिनिटाच्या आत मिळत असेल तर आधी लागोपाठ तीन शॉक, मग कम्प्रेशन. असिस्टोल (ठोकाच नाही) किंवा अगदीच स्लो रिदम असेल आणि पेसिंग वायर्स (ऑपरेशनमध्ये हार्टवर लावलेल्या, पेसमेकरला जोडायच्या तारा) असतील तर एका मिनिटात मॅक्सिमम आउटपुटवर पेसिंग. एपिनेफ्रिनचा (अ‍ॅड्रेनालिनचा) १ मिलिग्रॅमचा नेहमीचा डोस द्यायचा नाही, कारण हार्ट परत चालू झालं की बीपी एकदम उसळतं आणि ताज्या टाक्यांवर ताण येऊन ब्लीडिंग होतं. आणि या उपायांनी पेशंट परत येत नसेल तर ५ मिनिटांत छाती पुन्हा उघडायची. एसटीएसने (अमेरिकेतल्या छातीच्या सर्जन लोकांच्या संघटनेनं) २०१७ मध्ये हे सगळं एकत्र करून छापलंय. पोस्टमधला तो परिच्छेद मी काल बदलला आणि वर तशी नोंदही टाकली, कारण कुणी ते तसंच पाठ करून गेलं असतं तर पेपरचं सोडा, बेडवर नुकसान झालं असतं.

पण सिस्टर, आता तुम्हीच बघा, हा मुद्दा तुम्ही नुसता पाठ केलेला नाहीये. तुम्हीच खाली लिहिलंय की पेस्ड पेशंटला पल्स लागत नसेल तर पेसिंग क्षणभर बंद करून बघावं, पेसमेकरच्या स्पाइकच्या (मॉनिटरवरच्या उभ्या रेघेच्या) खाली व्हीएफ लपलेली असू शकते. हे तुम्हाला कळतं कारण मॉनिटरवर दिसणारी रेघ म्हणजे पेसमेकरचं काम, हार्टचं नाही, हे तुमच्या डोक्यात पक्कं आहे. मी समजून घ्या म्हणत होते ते याच अर्थानं, जाडजूड पुस्तक वाचा असं मला म्हणायचं नव्हतं.

आकड्यांचंच उदाहरण घेऊ. दोन पेशंट, दोघांचं मीन प्रेशर (सरासरी बीपी) ६५. पहिल्याचं सीव्हीपी (हार्टकडे परतणाऱ्या मोठ्या शिरेतलं प्रेशर) ५ आणि आउटपुट (हार्ट मिनिटाला ढकलतं ते रक्त) ७.५ लिटर. दुसऱ्याचं सीव्हीपी १८ आणि आउटपुट ३ लिटर. एसव्हीआर, म्हणजे रक्तवाहिन्यांचा विरोध, काढा, मीनमधून सीव्हीपी वजा, गुणिले ८०, भागिले आउटपुट. पहिल्याचं येतं ६४०, दुसऱ्याचं साधारण १२५०. नॉर्मल ८०० ते १२०० हे सगळ्यांनाच पाठ असतं. आता फक्त एसव्हीआर बघितला तर दुसरा पेशंट जवळजवळ नॉर्मल वाटतो आणि पहिलाच जास्त आजारी वाटतो. खरं म्हणजे पहिल्याच्या नसा सैलावल्यात, रिवॉर्मिंग (ऑपरेशनमध्ये गार झालेलं शरीर परत गरम होणं) चालू असेल किंवा व्हॅसोप्लेजिया (नसा आवळल्याच न जाणं) असेल, त्याला व्हॅसोप्रेसर (नसा आवळणारं औषध) लागेल आणि व्हॉल्यूम (शरीरातलं रक्त-पाणी) कमी असेल तर तोही. दुसऱ्याचं हार्टच पुढे रक्त ढकलत नाहीये आणि मागे प्रेशर साठतंय, तिथे व्हॅसोप्रेसर चढवून बीपीचा आकडा सुधारेलही पण थकलेल्या हार्टवर ओझं वाढेल. बीपी तेच, उपाय वेगळा. प्रश्नात चारही पर्याय ओळखीचे असतात आणि नुसत्या पाठांतरावर माणूस अडकतो तो इथेच. सीएससीला २ तासांत ९० प्रश्न, त्यातले ७५ मार्कांसाठी मोजतात, म्हणजे एका प्रश्नाला सव्वा मिनिटाच्या थोडं वर, तेवढ्यात आठवत बसायला वेळ नसतो.

टॅम्पोनेडचंही, म्हणजे भोवती रक्त साचून हार्ट दाबलं जाण्याचंही, तसंच. सीव्हीपी, पीए डायस्टोलिक आणि वेज (शेवटची दोन फुफ्फुसाच्या रक्तवाहिनीत मोजलेली प्रेशर) एकमेकांच्या जवळ येतात हे सगळे पाठ करतात. पण ऑपरेशननंतर क्लॉट एकाच बाजूला, समजा राइट एट्रियमवर किंवा मागे, साचला तर हे तिन्ही आकडे जुळणारच नाहीत, आणि पेशंट तरीही टॅम्पोनेडमध्येच असेल. मागचा क्लॉट छातीवरून केलेल्या इकोत कधीकधी दिसतही नाही. मग हाताशी काय उरतं, तर ड्रेन, छातीत साचलेलं रक्त बाहेर काढणारी ट्यूब. तासाला दीडशे एमएल येत होतं आणि अचानक दहावर आलं, वर युरीन कमी, पल्स प्रेशर बारीक, हात गार. नवीन मुलगी चार्टवर ब्लीडिंग थांबलं असं लिहून मोकळी होते, मीही सुरुवातीच्या वर्षात एका नाइटला तसंच लिहिलं होतं आणि सीनियर सिस्टरनी राउंडला येऊन ट्यूब बघितली म्हणून तो पेशंट वेळेत परत ओटीत गेला. ब्लीडिंग थांबलं की ट्यूब बंद पडली, हा प्रश्न तेव्हापासून मी प्रत्येक ड्रेन बघताना स्वतःला विचारते. म्हणून मुलींना घाबरवण्याचा तुमचा आरोप मला लागला, पण आधी समजून घ्या हे वाक्य मी काढणार नाही.

बलून पंपाचं (महाधमनीत फुगून-मिटून हार्टला मदत करणाऱ्या फुग्याचं) थोडक्यात सांगते, कारण त्यावर तुमचा माझा वाद नाहीये. इन्फ्लेशन डायक्रोटिक नॉचवर (प्रेशरच्या वेव्हफॉर्ममध्ये एओर्टिक व्हॉल्व्ह बंद होताना दिसणाऱ्या खाचेवर), आणि उशिरा डिफ्लेशन सगळ्यात वाईट, कारण बलून फुगलेला असतानाच व्हेंट्रिकलला रक्त ढकलावं लागतं. वेव्हफॉर्म दोनदा हातानं काढून बघितली की विसरत नाही.

वेळेचं मात्र तुमचं शंभर टक्के खरं आहे आणि पोस्टमध्ये मी त्यावर काहीच लिहिलं नव्हतं. मी स्वतः काय केलं ते सांगते. हँडओव्हर घेताना एकाच पेशंटचे आकडे खिशातल्या कागदावर लिहायचे, सीव्हीपी, पीए, इंडेक्स (शरीराच्या आकाराच्या हिशोबात आउटपुट), एसव्हीआर, ड्रेन, टेंपरेचर, आणि पुढच्या दोन तासांत काय होईल याचा अंदाज एका ओळीत. रिवॉर्म होतोय, बीपी पडेल, व्हॉल्यूम लागेल, इतकंच. दोन तासांनी बघायचं जमलं का. चुकलं तर का चुकलं ते तिथेच डॉक्टरांना किंवा सीनियरला विचारायचं. याला वेगळा वेळ लागत नाही, ड्यूटी तीच. आणि परीक्षेचा सगळा भर ऑपरेशननंतरच्या याच पहिल्या दिवसांवर असतो, सीएससीला बसायला अनुभवही पहिल्या ४८ तासांतल्या पेशंटचाच धरतात, म्हणजे तुमच्या युनिटमधला पेशंट हाच अभ्यास.

प्रश्नसंच सोडवूच नका असा सूर माझ्या पोस्टमध्ये आला होता, तोही बदलते. सोडवा, पण दिवसाला दहाच, आणि उत्तर बरोबर आलं तरी बाकीचे तीन पर्याय का नाहीत ते मोठ्यानं बोलून बघा. ज्याचं कारण सांगता येत नाही तो प्रश्न बरोबर आला असं धरायचं नाही.

पेसिंग वायर्सवर, सेन्सिंग (पेसमेकरला हार्टचा ठोका कळणं) आणि कॅप्चर (पेसमेकरच्या स्पाइकनं हार्टचा ठोका पडणं) जातं तेव्हा नक्की कुठून बघायला सुरुवात करायची यावर तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहिती दिसते. तुम्ही लिहून पाठवाल का? पुढच्या आठवड्यात तीच पोस्ट टाकायचीय, तुमच्या शब्दांत टाकते.