इंग्रजी टीचर ट्रेनिंगचा क्लास काढताय? घ्या, फुकटचा सल्ला

इंदूरात पोह्याची गाडी लावण्यापेक्षा हा धंदा बरा. पोह्याला पहाटे उठून कांदा चिरावा लागतो, शेव मऊ पडली की गिऱ्हाईक तोंडावर बोलतं. इथे गिऱ्हाईक पैसे आधी भरतं आणि चव त्याला सहा महिन्यांनी कळते. मी नुकतीच अठरा हजार मोजून असा कोर्स करून आले, म्हणून म्हटलं आतलं सगळं सांगून टाकावं.

भंवरकुआंच्या एखाद्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या घ्या आणि बोर्डावर मोठ्ठं लिहा, १२० तास. इंग्रजी शिकवणाऱ्यांसाठी केंब्रिजचा सेल्टा नावाचा कोर्स आहे तो साधारण तेवढ्या तासांचा, म्हणून तो आकडा लोकांना पवित्र वाटतो. आकडा तेवढा उचला, बाकीचं तिथेच राहू द्या. कारण बाकीची कटकट फार हो! ६ तास खऱ्याखुऱ्या विद्यार्थ्यांना शिकवायचं, ते पण दोन वेगवेगळ्या लेव्हलच्या, मागे ट्रेनर वही घेऊन बसणार, शिवाय अनुभवी शिक्षकांचे तास बघायचे, चार लेखी असाइनमेंट, वरून बाहेरचा असेसर येऊन तपासणार. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजचा असाच कोर्स आहे, त्यालाही ते ६ तास सुटत नाहीत. एवढं करत बसलात तर गाळ्याचं भाडं कधी निघायचं?

ट्रेनर गेल्या बॅचमधलाच घ्या, स्वस्त पडतो.

'इंटरनॅशनली अ‍ॅक्रेडिटेड' लिहायला विसरू नका. टेफल, टेसॉल ही इंग्रजी शिकवायच्या कोर्सांची नावं काय कुणाच्या बापाची नाहीत, कोणीही छापतं. मान्यता देणारी संस्था पण आपणच काढायची, वेबसाइटवर लंडनच्या घड्याळाचा फोटो टाकला की झालं. पहिली ते आठवीला शिकवायला टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा लागते, हे सर्टिफिकेट तिथे चालत नाही, हे मात्र अ‍ॅडमिशनच्या वेळी काढू नका. उगाच मूड जातो.

आता प्रॅक्टिस टीचिंग. विद्यार्थी आणायची गरज नाही, बॅचमधल्यांनाच पाचवीची मुलं बनवा. आमच्यात बँकेतून रिटायर झालेले एक काका होते, ते पहिल्या बाकावर बसून हात वर करून "मे आय गो टू टॉयलेट मॅम" म्हणायचे, सगळे हसायचे, दहा मिनिटं संपली, पुढचा या. पाचवीतलं खरं पोरगं असं नसतं. त्याला मराठी घरी, हिंदी रस्त्यावर आणि इंग्रजी फक्त पुस्तकात, ते कुठे अडतं, कशाला घाबरतं, मागच्या बाकावरचे दोघं तुमचा तास कसा उधळतात हे काकांकडे बघून कसं कळणार? आणि फीडबॅक काय, तर सगळ्यांना एकच, "नाईस, कीप इट अप". मी एकदा विचारलं, 'आय हॅव सीन हिम यस्टर्डे' का चुकतं, तर सर म्हणाले एक्सेप्शन असतं. एक्सेप्शन! ज्याच्यासाठी पैसे भरले ते हेच! सातवं मॉड्यूल तर झालंच नाही, त्यात मला ए प्लस आहे, आणि ज्या सर्टिफिकेटवर ते लिहिलंय त्यावर माझ्याच नावाचं स्पेलिंग चुकलंय. दुरुस्तीचे पाचशे वेगळे.

गेल्या आठवड्यात शिकवणीतल्या मुलीने मला तेच यस्टर्डेचं विचारलं. माझ्या तोंडून काय गेलं असेल? एक्सेप्शन असतं. घरी येऊन शोधलं, साधा नियम आहे, यस्टर्डेसारखी गेलेली ठरलेली वेळ सांगितली की पास्टच वापरायचा, आय सॉ हिम. पाच मिनिटांचं काम होतं हो सर.

लाज वाटत नाही का तुम्हाला? तुम्ही माझे अठरा हजार नेले ते नेले, पण ही पोरं उद्या तुमचं शिकवलेलं बोलणार आहेत. आणि आपणही कमी नाही. रामबागेतून, सुदामानगरातून डेमोला जातो आणि विचारतो काय, हप्ते आहेत का आणि सर्टिफिकेट कधी. मी पण हेच विचारलं होतं. खऱ्या मुलांसमोर किती तास उभं करणार, मागे कोण बसणार, चुकलं तर कोण सांगणार, हे एकानेही विचारलं नाही. वातानुकूलित खोली नको आम्हाला, सर्टिफिकेटवरचा तो चमकता हॉलोग्राम पण नको. गल्लीतली दहा पोरं गोळा करून समोर बसवा आणि सर, तुम्ही मागे वही घेऊन बसा. मोबाईल बाहेर ठेवून.