लिंबू कसं पिळावं

अभिनंदन! महायुद्ध जिंकलात. शत्रू नाक घासत दारात आलाय. आता त्याचं काय करायचं ते ठरवायला बसा. पथ्य एकच: खंदकात राहून आलेल्यांना बैठकीला बोलावू नका.

निवडणूक तोंडावर असेल तर दुधात साखर. पहिलं महायुद्ध संपल्यावर, डिसेंबर १९१८ मध्ये, ब्रिटनमध्ये तशी ती होती. एरिक गेडिस हे मंत्री केंब्रिजच्या सभेत गरजले, जर्मनीचं लिंबू बिया चीं चीं करेपर्यंत पिळू! बी चिरडली की सरबत कडू होतं, हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल. साहेब तरुणपणी हिंदुस्थानात रेल्वेच्या नोकरीत होते. कोणी त्यांना धड सरबत पाजलं नसावं.

तोफा थंडावल्या तरी शत्रूचं अन्न समुद्रात अडवणारी नाकेबंदी लगेच उठवू नका. ११ नोव्हेंबरला युद्ध थांबलं, नाकेबंदी पुरती उठायला पुढच्या वर्षीचा जुलै उजाडला. सैनिक मात्र बेभरवशाचे. जर्मनीतल्या ऱ्हाईन नदीकाठच्या ब्रिटिश छावण्यांच्या उकिरड्यावर जर्मन पोरं खरकटं चिवडायची. हाडं निघालेली, पोटं फुगलेली. मार्चमध्ये तिथल्या सेनापतींनी, जनरल प्लुमरनी, वर कळवलं की अन्न पाठवा, माझ्या माणसांना हे बघवत नाही. चार वर्षं ज्यांच्या गोळ्या खाल्ल्या, त्यांच्याच पोरांचा पुळका! म्हणून सांगतो, सूड ही घरी गरम जेवून करायची गोष्ट आहे.

मग युद्धाच्या भरपाईचं बिल पाठवा. १९२१ मध्ये आकडा ठरला १३२ अब्ज सुवर्ण मार्क, म्हणजे सोन्याच्या मोलाचे जर्मन मार्क. आणणार कुठून, असं कोणी विचारलंच तर त्याला फितूर म्हणा, हिशेब मिटला. भरपाईपोटी द्यायचे तारेचे खांब आणि कोळसा कमी भरला, तर जानेवारी १९२३ मधल्या फ्रेंच-बेल्जियन फौजांसारखे जर्मनीच्या कोळशाच्या ऱ्हूर खोऱ्यात घुसा. कामगार काम बंद करतील, त्यांचं सरकार नोटा छापून त्यांना पोसेल, आणि नोव्हेंबरपर्यंत एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क पडतील. आता करा वसुली.

आणि हो, फ्रान्समधल्या कोंपिएन्यच्या जंगलात ज्या रेल्वेच्या डब्यात युद्धबंदीवर सह्या घेतल्यात, तो जपून ठेवा. फ्रेंचांनी त्यासाठी खास संग्रहालय बांधलं होतं. जून १९४० मध्ये फ्रान्सला हरवल्यावर हिटलरला तोच डबा हवा होता, त्याच जागी. फरक एवढाच, या वेळी हरलेल्याची सही फ्रान्सची. डबा बाहेर काढायला जर्मनांना भिंत फोडावी लागली. तुम्ही बांधाल तेव्हा दार जरा रुंद ठेवा.