‘हास्यास्पद, म्हणूनच विश्वास’ हे तर्तुलियनचं वाक्य नाही

‘हे हास्यास्पद आहे म्हणूनच मी मानतो,’ असं तर्तुलियन हा प्राचीन ख्रिस्ती लेखक म्हणाला, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेला बुद्धीचं वावडं, असा मेसेज सध्या कोल्हापुरातल्या ग्रुपांवर फिरतोय. हे वाक्य तर्तुलियनच्या लिखाणात या शब्दांत सापडत नाही. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजच्या या लेखकाने तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला, ख्रिस्ताचा देह खरा नव्हता म्हणणाऱ्या मार्शनला उत्तर देताना ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाबद्दल (मरणानंतर पुन्हा जिवंत होण्याबद्दल) लिहिलं, ‘हे निश्चित आहे, कारण ते अशक्य आहे.’ इतकी अशक्य गोष्ट कोण मुद्दाम रचेल, असा त्याचा अर्थ अनेक अभ्यासक लावतात. पटो न पटो, हा युक्तिवादच आहे! विवेक ही देवाचीच गोष्ट, असंही त्यानेच लिहिलंय. आणि बायबलमधलं पेत्राचं पहिलं पत्र (३:१५) तर आशेचं कारण विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार राहा म्हणतं. आमच्या आजीच्या बायबलात त्या ओळीखाली पेन्सिलीची रेघ आहे.