एइखेच्या बरगड्या आणि सायबेरियातले ते १७ हजार

गेले दोन दिवस रॉबर्ट एइखे डोक्यातून जात नाहीये. १८९० साली लाटव्हियात एका शेतमजुराच्या घरी जन्मलेला. पंधराव्या वर्षी समाजवादी चळवळीत पडला, तुरुंग पाहिला, ब्रिटनमध्ये पळून गेला, स्कॉटलंडच्या कोळसा खाणीत राबला. परत आल्यावर झारच्या सरकारने त्याला सायबेरियात हद्दपार केलं. पुढे पश्चिम सायबेरियाचा कम्युनिस्ट पक्षप्रमुख झाला तो हाच माणूस!

१९५६ साली सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्हने पक्षाच्या अधिवेशनात बंद दाराआड स्टालिनच्या अत्याचारांवर जे ‘गुप्त भाषण’ केलं, त्यात एइखेचं पत्र वाचून दाखवलं. ऑक्टोबर १९३९, स्टालिनच्याच राजवटीत अटक झाल्यावर तुरुंगातून थेट त्यालाच लिहिलेलं. एइखेच्या बरगड्या मोडलेल्या होत्या, नीट सांधल्याच नव्हत्या. चौकशी अधिकाऱ्याला ते पक्कं ठाऊक होतं आणि तो नेमका तिथेच छळ करत होता. असह्य झालं तेव्हा एइखेने स्वतःविरुद्ध आणि इतरांविरुद्धही खोटे कबुलीजबाब दिले. फेब्रुवारी १९४० मध्ये कोर्टात त्याने ते सगळे नाकारले, तरी गोळी घातलीच. पत्राचा तो भाग वाचताना माझ्या घशाशी आवंढा आला, खोटं कशाला सांगू.

पण म्हणून त्याला नुसता बळी म्हणायला माझं मन तयार नाही. जून १९३७ मध्ये पश्चिम सायबेरियात जी ‘त्रोइका’ नेमली, म्हणजे तिघांची समिती, त्यातला एक एइखे होता. आरोपी समोर नाही, वकील नाही, अपील नाही. कागद पुढे यायचा आणि माणसाचा निकाल लागायचा. महिन्याभरात मॉस्कोहून या प्रांतासाठी आकडा ठरून आला: ५ हजार गोळीला, १२ हजार सक्तमजुरीच्या छावण्यांत. माणसं पकडायच्या आधीच आकडा! आणि ही माणसं कोण? बहुतेक साधे शेतकरी, पूर्वीचे कुलक (म्हणजे सरकारने ‘श्रीमंत’ ठरवलेले शेतकरी), पाद्री. एइखेला निदान स्टालिनला पत्र लिहिता आलं, कोर्टात उभं राहून ‘हे खोटं आहे’ म्हणता आलं. त्याच्या त्रोइकापुढे आलेल्यांना तेवढंही मिळालं नाही.

त्याच्यावर अन्याय झाला, यात मला तिळमात्र शंका नाही. त्याच्या हातूनही झाला, तोही हजारोंवर. यातलं एक सांगून दुसरं गाळलं की तो इतिहास राहत नाही. ख्रुश्चेव्हने भाषणात बरगड्यांचं सांगितलं, त्रोइकातल्या एइखेबद्दल अवाक्षर काढलं नाही. १९३७ साली मॉस्कोचा पक्षप्रमुख तो स्वतःच होता.